काकांची फुंकर

यात पदरचं काहीही घातलेलं नाही. मावशीने जसं सांगितलं आणि तिच्या नणंदेने जसं पाहिलं, तसंच हे आहे. मावशीने जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की ती उठून चहा टाकायला जायची.

ते तळ्याकाठचं गाव गोऱ्या साहेबांनी हवा खायला वसवलेलं. दगडी बंगले, उतरती छपरं, पाण्याकडे तोंड करून मांडलेली बाकं. साहेब गेले, बंगल्यांत कारागीर आले. कुठे माग, कुठे कुंभाराचं चाक, कुठे भट्टी.

मागच्या हिवाळ्यात मावशी आणि काका तिथे फिरायला गेले होते. काच फुगवणाऱ्याकडे काकांनी हौसेने नळी तोंडाला लावली आणि एक गोळा फुगवला. अगदी तुमच्या पोटासारखा झालाय, असं मावशी म्हणाली होती. कारागिराने गोळ्याचं तोंड वितळवून बंद केलं. गरम काच एकदम बाहेर काढली तर तडकते, रात्रभर हळूहळू निवू द्यावी लागते. उद्या येऊन न्या, तो म्हणाला.

घोरता घोरता काकांचा श्वास मध्येच थांबायचा. मावशी झोपेतच कोपर मारायची, की गाडी पुन्हा सुरू. पण तिथल्या खोलीत दोन वेगळे पलंग होते, जमिनीला ठोकून पक्के केलेले. मध्ये हातभर जागा.

सकाळी काका उठले नाहीत.

गोळा तिथेच राहिला.

मावशी रडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. कपाट आवरलं, काकांचे कपडे देऊन टाकले. आत काही हलतच नव्हतं, असं ती म्हणते. वर्ष उलटल्यावर एवढंच बोलली, की तो गोळा आणायचाय. त्यांच्या श्वासाचं तेवढंच उरलंय. नणंद सोबत निघाली. ती वाटभर बोलत होती आणि मावशी ‘हं’ म्हणत होती.

कारागिराने गोळा खिडकीतल्या फळीवर जपून ठेवला होता. दुपारची वेळ, आभाळ भरलेलं, भट्टी बंद. गोळा गारठलेला, पण आतून लख्ख.

मावशीने तो तळहातावर घेतला.

काच आतून धूसर झाली...

मग निवळली.

मग पुन्हा धूसर...

“वन्सं, गार काचेवर वाफ धरते,” मावशी वर्गातल्या आवाजात म्हणाली. “माझ्या हाताने तर ही गरम होतेय. मग हे उलटं कसं?”

“आता तरी शिकवणं पुरे करा, वहिनी,” म्हणत नणंदेने गोळा घेतला. तिच्या हातात काच लख्खच राहिली. परत दिला...

धूसर.

कारागीर म्हणाला, तोंड बंद आहे, आत हवा जायला वाटच नाही. वर्षभर पुसतोय, असं कधी दिसलं नाही.

परतीच्या गाडीत मावशी गोळा हातात धरून बसली. धूसर, लख्ख. धूसर, लख्ख. गाढ झोपलेल्या माणसासारखं, सावकाश.

आणि मग थांबलं.

काच लख्ख. लख्खच...

मावशी खिडकीबाहेर बघत होती. तिने मान वळवली नाही. फक्त तिचं कोपर हललं आणि गोळ्याला हलकासा धक्का बसला.

काच धूसर झाली.

नणंद गोळ्यापासून दूर सरकली. अजून तळं मागे पडलं नाही, गाडी थांबवू आणि हे पाण्यात टाकून देऊ, असं ती म्हणाली.

“मग त्यांना हलवणार कोण?” मावशीने विचारलं.

आता झोपताना गोळा मावशीच्या मुठीत असतो. आम्ही समजावून पाहिलं. ती सगळं ऐकून घेते आणि उठून चहा टाकते. थांबणं लांबत चाललंय, हेही तिने थर्मामीटर वाचावं तसं सांगितलं.

नणंद अजून आपल्या घरी गेलेली नाही. गेल्या आठवड्यात मी गेले, तेव्हा ती एकटीच मावशीचा पलंग ओढत होती, आपल्या पलंगाला चिकटवायला. मी हात लावला. कशासाठी, म्हणून विचारलं.

“हल्ली काच थांबली की वहिनींचाही श्वास थांबतो,” ती म्हणाली. “मग मी कोपर मारते.”

पलंग चिकटले. मध्ये बोट शिरेल एवढीही फट उरली नव्हती.

तरी तिने पुन्हा एकदा हात फिरवून पाहिला...