तिसऱ्या मजल्यावरचं शेवटचं दार

मेंग ही गोष्ट दिवसाउजेडी सांगत नाही. कोरियात बुसानला, बंदराच्या वरच्या टेकडीवर त्याचं घरदलालीचं दुकान आहे. दुकान कसलं, खोकंच ते. आत एक स्टोव्ह, त्यावर सदा उकळणारं बार्लीचं पाणी. खोली शोधून शोधून पायांचे तुकडे पडलेली पोरंपोरी संध्याकाळी तिथं टेकतात, आणि त्यातलं एखादं विचारतंच, "काका, स्वस्त, उजेडाचं, बरं घर नाहीच का हो कुठं?"

"होतं एक," मेंग म्हणतो. मग उठून बाहेरची दिव्याची पाटी विझवतो. पोरं जवळ सरकतात.

ते घर त्यानं ओकबुनला दाखवलं होतं.

ओकबुनची गल्ली तेव्हा पाडायला घेतली होती. मोठे मनोरे उठायचे होते तिथं. शेजारीपाजारी एकेक करून लेकाकडे, लेकीकडे निघून गेले. हिला ना लेक, ना लेकी. नवरा तरुणपणीच मासेमारीच्या बोटीवर गेला तो परत आला नाही. डुकराच्या मटणाचा रस्सा विकणाऱ्या एका खानावळीत ती वाट्या विसळायची, पात चिरायची, आणि तेवढ्यावर तिचं चालायचं. वय अडुसष्ट. पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ.

मेंग तिला घेऊन दारोदार फिरला.

"सोबत कोण कोण असेल?" घरमालक विचारायचा.

"मी."

"ते झालं हो. आणखी?"

"आणखी माझा भाताचा कुकर. तोही शांत आहे, शिट्ट्या मारत नाही."

मेंग हसायचा, घरमालक हसायचा नाही. तोंड आंबट करून म्हणायचा, "आजी, राग मानू नका. खोली कालच गेली." आणि 'भाड्याने देणे आहे'चा कागद तिच्या डोक्यावर, फाटकालाच फडफडत असायचा.

चौथ्या की पाचव्या फाटकाबाहेर ती थांबली. "मेंग, खरं सांग. माझ्या अंगाला वास येतो का?"

मेंगनं मान खाली घातली. "ताई, वास यायचीच भीती आहे त्यांना. एकटं म्हातारं माणूस आत मेलं, कुणाला कळलं नाही, तर पुढं खोली कुणी घेत नाही."

ओकबुन फाटकाकडं पाठ करून उभी राहिली. खाली बंदरात एक क्रेन हळूहळू वळत होती. मग ती म्हणाली, "म्हणजे मी मरायची भीती माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त." आणि चालायला लागली. पण त्या दिवसापासून ती भीती तिच्याही पोटात जाऊन बसली. आपण पडलो तर? किती दिवस?

शेवटी मेंगनं ते घर काढलं. तिसऱ्या मजल्यावरचं शेवटचं दार. दोन खोल्या, खिडकीतून समुद्र, दुपारभर ऊन, आणि भाडं इतकं कमी की ओकबुननं दोनदा विचारलं. मालकीण सोलला राहायची. तिनं फोनवर वय विचारलं नाही, सोबत कोण तेही विचारलं नाही.

"आधी कोण होतं?"

"एक आजी. एकट्याच. गेल्या."

"कुठं गेल्या?"

मेंग नळ सोडून पाण्याचा जोर बघत बसला. "पाणी बघा ताई, कसं धो धो येतंय."

ओकबुन काय समजायचं ते समजली. पण वर्ष संपायच्या आत गल्ली रिकामी करायची होती. ती म्हणाली, "घेते."

आता आपल्याकडं नव्या घरात सगळ्यांत आधी काय न्यायचं, हे का मी सांगायला पाहिजे? मेंग पोरांना विचारतो. भाताचा कुकर. सामान यायच्या आदल्या दिवशी तांदूळ भरून खोलीच्या मधोमध ठेवायचा, म्हणजे घर आपलं होतं. ओकबुननं तसंच केलं. कोरडे तांदूळ घातले, वायर गुंडाळली, सांडू नये म्हणून झाकणावरून सुतळी बांधली. कुलूप लावलं, गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर खोलीत भाताचा वास.

कुकर तिथंच. सुतळी तशीच. वायर तशीच गुंडाळलेली. तिनं गाठ सोडली, झाकण उघडलं, आणि वाफ तोंडावर आली. भात झालेला. मऊ, मोकळा, एकेक शीत चमकणारं.

ज्याचा भात पहिला शिजला, घर त्याचं. हे तिलाही माहीत होतं. एखादी शहाणी बाई तिथूनच पायऱ्या उतरली असती. पण खाली ट्रक उभा होता, आणि जुन्या घराचं छप्पर त्याच सकाळी उतरवलं होतं. जायचं कुठं? शिवाय रात्रीपासून पोटात काही नव्हतं. ती जमिनीवर बसली, आणि तिनं तो भात खाल्ला. सगळा.

चुकली ती इथंच. दुसऱ्याच्या घरी जेवलं की आपण पाहुणे होतो. मग यजमानाला आपली विचारपूस करावीच लागते.

पहिल्याच रात्री, तिचा डोळा लागत होता, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा. घोगरा, पण प्रेमाचा.

"जेवलीस का?"

"जेवले," ओकबुन झोपेतच म्हणाली.

मग तिचे डोळे उघडले. खोलीत कुणी नव्हतं. फ्रिज घुरघुरत होता.

रोज रात्री असं व्हायला लागलं. ती दिवा लावून झोपायची, तरी आवाज यायचा. उत्तर दिलं की थांबायचा. नाही दिलं की पुन्हा यायचा, जरा जवळून. घाबरायची ती, नाही असं नाही. पण पोरांनो, एक सांगू? खानावळीतून निघताना कधीकधी तिच्या मनात यायचं, आज उशीर झाला, ती वाट बघत असेल. तीस-पस्तीस वर्षांत तिला कुणी जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं. एकदा तर ती म्हणाली, "जेवले. तू?"

त्यावर आतून काहीच आलं नाही.  तिनं मग बरेच दिवस पुन्हा विचारलं नाही.

शेजारी प्यो आजोबा राहायचे. विधुर, कानानं जरा कमी, टीव्ही दिवसभर मोठ्यानं. एकदा जिन्यात तिनं त्यांना गाठलं. "आजोबा, माझ्या आधीच्या आजी कशा होत्या हो?"

"मला काय माहीत! मी कुणाच्या भानगडीत नसतो," ते वसकन अंगावर आले, आणि आत जाऊन त्यांनी टीव्हीचा आवाज आणखी वाढवला.

डिसेंबर आला. आवाज स्वयंपाकघरातून खोलीच्या दारात आला. मग उशाशी. एका रात्री तिच्या कानाला गार श्वास लागला. तेव्हा मात्र तिनं ठरवलं, बास. घर सोडता येणार नव्हतं, तिला दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं. म्हणजे जायचं तर तिनं नाही, त्या दुसरीनं.

हिवाळ्यातली सगळ्यांत लांब रात्र होती ती. बावीस डिसेंबर, शुक्रवार. त्या दिवशी लाल चवळीची पेज घरोघर करतात. खायची, आणि दारावर, भिंतींवर, उंबऱ्यावर शिंपडायची. लाल रंगापुढं मेलेलं माणूस टिकत नाही. ओकबुननं खानावळीतून आल्यावर चवळी शिजवली, घोटली. अकरा वाजून गेले होते. बाहेर वारा सुटलेला, बंदरातले दिवे खिडकीत हलत होते.

ती वाडगा घेऊन उठली. आधी स्वयंपाकघराचा उंबरा शिंपडू, मनाशी म्हणाली.

दोन पावलं गेली असेल.

डावा हात अचानक आपला राहिला नाही. वाडगा गेला. मग पाय गेला. तिचं डोकं जमिनीवर आपटलं, आणि लाल पेज गालाखाली पसरली. गरम. मग कोमट. मग गार.

तिनं ओरडायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसता फुसफुस वारा आला. फोन कोटाच्या खिशात, कोट खुंटीला. भिंतीपलीकडं टीव्हीत कुणीतरी खदाखदा हसत होतं.

हीच ती. हीच ती भीती. किती दिवस?

दिवा फडफडला. विझला.

स्वयंपाकघरातून…

"जेवलीस का?"

ओकबुनला उत्तर देता येईना.

"…जेवलीस का?"

जवळ. दारात.

"का बोलत नाहीस?"

अनवाणी पाय. ओले. फरशीवर चटक… चटक… तिच्या डोक्याशी येऊन थांबले. ओकबुननं डोळे घट्ट मिटून घेतले. कुणीतरी खाली वाकलं. गुडघे कडकड वाजले, म्हाताऱ्या माणसाचे वाजतात तसे. गार बोटं कपाळावरून फिरली. केस मागं सारले.

मग काही नाही.

काही नाही…

मग भिंतीपलीकडं, प्यो आजोबांच्या दारावर, धाड.

धाड. धाड. धाड.

टीव्ही बंद झाला.

"कोण आहे?" प्यो आजोबांचा आवाज.

"बाजूची जेवली नाही," बाहेरून कुणीतरी म्हणालं.

तेवढंच तिनं ऐकलं. पुढचं तिला आठवत नाही.

इस्पितळात ती बरेच आठवडे होती. हात परत आला, बोलणं थोडं बोबडं राहिलं. प्यो आजोबा एक दिवस संत्री घेऊन आले, आणि पिशवी मांडीवर धरून तशीच बसून राहिले.

"दारात कुणी नव्हतं," ते म्हणाले. "पण आवाज मी ओळखला. तुमच्या आधीच्या बाईंचा. त्या आत पडल्या होत्या ना, तेव्हा भिंत वाजवत होत्या. रात्रभर. मला वाटलं, टीव्हीवरून चिडून वाजवतायत… मी आवाज आणखी मोठा केला." मग पिशवी तिच्यापुढं सरकवत, "यावेळी मी कुलूप फोडायला माणूस बोलावला, ताई. लगेच बोलावला."

ओकबुननं एक संत्रं सोललं. अर्धं त्यांना दिलं. दोघांनी खाल्लं.

ती घरी आली ती फेब्रुवारीत. त्या रात्री दिवा मालवून ती अंथरुणात वाट बघत पडली. कुणी विचारलं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिनंच मग अंधाराला विचारलं, "जेवलीस का गं?" फ्रिज घुरघुरत राहिला. खाली बंदरात एका बोटीनं भोंगा दिला, आणि सगळं पुन्हा गप्प झालं. ते घर, मेंग सांगतो, तेव्हापासून अगदी साधं घर झालं. उजेडाचं, स्वस्त, आणि इतकं रिकामं की तिला सोसवेना. प्यो आजोबा आता रोज सकाळी भिंतीवर टकटक करतात, ही उलट करते. तेवढाच काय तो आधार.

"मग खरं कशावरून, काका?" कोपऱ्यातली एक पोरगी विचारते. "झटका आला, भास झाले असतील."

मेंग पाण्याखालचा स्टोव्ह बारीक करतो.

कुलूप फोडलं तेव्हा मी तिथं होतो, तो म्हणतो. प्यो आजोबांनी आधी मलाच फोन केला होता. ओकबुनताई जमिनीवर होती, पण उघडी नव्हती. तिच्या अंगावर रजई होती, गळ्यापर्यंत नीट खोवलेली. जाड, जुनी, लाल-हिरव्या फुलांची, धुवून खळ घातलेली. ताईच्या सामानात असली रजई नव्हती, सामान मीच वर चढवलं होतं. आणि आधीच्या आजींचं अंथरूण-पांघरूण सगळं माझ्यासमोर जाळलं होतं, चिंधीसुद्धा ठेवली नव्हती.

रजईला नवी पांढरी खोळ चढवत होतं कुणीतरी. तीन बाजू शिवून झाल्या होत्या, बारीक, एकसारख्या टाक्यांनी. चौथी अर्धीच.

सुई तिथंच टोचलेली होती. दोरा ओवलेला. आणि दोऱ्याचं टोक… ओलं होतं. आत्ताच तोंडात धरल्यासारखं.