पुलाखालची दरी

घाटरस्त्यावर प्रवासी गाडी थांबवून दरी बघतात, तिथले माहितीफलक मी लिहिते. दरी कशी घडली, ते सोप्या भाषेत सांगायचं. आमच्या दरीचे सरळ दोन भाग. पुलाच्या वरची हिमनदीने कोरलेली, पन्हाळीसारखी रुंद आणि गोल तळाची. पुलाखालची ओढ्याने कापलेली, अरुंद, खाली निमुळती. हिमनदी वितळून हजारो वर्षं झाली. वर आता नुसते दगड आणि गवत.

यंदा फलकाचा रंग उडाला म्हणून बघायला गेले, तर त्यावरचं चित्र समोरच्या दरीशी जुळेना. पुलाच्या खालीही दरी रुंद झाली होती, पार दुसऱ्या वळणापर्यंत.

"चित्र चुकलं का गं तुझं?" भाऊजींनी विचारलं. माझ्या ताईचे यजमान या रस्त्याचे मुकादम आहेत.

मी मोबाइलमधला गेल्या वर्षीचा फोटो काढला. चित्र बरोबर होतं.

"दरड कोसळली असेल," मी म्हणाले.

"कोसळली असती तर मलाच उपसावी लागली असती. वर्षभरात एक घमेलं माती उचललेली नाही." ते फोटोकडे बघतच राहिले.

खाली उतरून ओढा पाहिला. पाणी दुधाळ होतं. बर्फ खडकावरून सरकतो तेव्हा खडकाचं पीठ होतं, आणि त्यानेच पाण्याला असा रंग येतो. बाटलीत भरून घेतलं. थोड्या वेळाने तळाशी पांढरा थर बसला. मी बाटली भाऊजींपुढे धरली.

"तुझी ताई यातच कपडे धुते," ते म्हणाले. "घरी चल जरा. माझं ऐकत नाही ती."

घर दुसऱ्या वळणावर. दाराची चौकट तिरकी झाली होती. दरीच्या वरच्या अंगाला असलेल्या दगडी भिंतीवर खांद्याच्या उंचीला चरे होते, फणी ओढावी तसे समांतर आणि ताजे. मी एकावरून अंगठा फिरवला. गारठ्याने चटकाच बसला.

"आलीस? बस," ताई म्हणाली. "पाय वर घेऊन बस. खाली जरा हलतं."

"ताई, सामान भर."

"कशाला? हळू तर सरकतं. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

फळीवरचे सगळे कप एका टोकाला जमले होते.

बाहेर भर दुपारचं ऊन होतं. आत आमच्या तोंडातून वाफ निघत होती.

जमिनीखालून आवाज आला. जड कपाट ओढावं तसा. तो थांबला नाही.

ताईचा पाट तिच्यासकट बोटभर पुढे सरकला. तिने साडी सावरली, आणि बोलत राहिली.

भाऊजींनी तिला दंडाला धरून उठवलं. सामान राहिलं ते राहिलंच.

दोन दिवसांनी शहरात नवी खोली नावावर करायला आम्ही कचेरीत गेलो. यंत्र ताईचा अंगठा घेईना. कारकुनाने काच पुसली, दुसरं बोट लावायला सांगितलं, मग तिसरं. शेवटी त्याने तिचा हात उजेडात धरला. दहाही बोटांवर एक रेघ नव्हती. कातडी घोटून काढल्यासारखी गुळगुळीत.

"साबणाने होतं असं," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "साक्षीदार म्हणून बहिणीचा ठसा चालेल. तुमचा अंगठा द्या."

मी हात पदराखालून काढला नाही.