चौथी ऊबपेटी

पेशी उबेत वाढवायच्या चार ऊबपेट्यांपैकी तीन गप्प होत्या. चौथीतली मसुराएवढी हृदयकळी, म्हणजे हृदयाच्या पेशींचा इवला गोळा, मात्र टुकटुक उडत होती. ते पाहून प्रयोगशाळेतल्या मदतनीस अनसूयामावशी दाराकडे सरकल्या. गेले अठरा दिवस त्या जे करत होत्या, ते आता उघडं पडणार होतं.

या कळ्या डॉ. इरावतीने स्वतःच्या लेकीच्या पेशींपासून वाढवल्या होत्या. लेक अजून जन्मायची होती; पलीकडच्या खोलीत, कृत्रिम गर्भाशयात वाढत होती. पंधरा दिवसांत उपाय सापडला नाही, तर तिचं हृदय थांबणार होतं.

"मावशी, नऊवारीची घडी एकटीने नीट बसते का?" इरावतीने पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. हृदयातल्या प्रथिनांचंही तसंच. त्यांना घडी घालायला मदत करतात त्या घडीसख्या. पेशीवर जरासा ताण आला की त्या धावून येतात. लेकीच्या एका प्रथिनाची घडीच बसत नाही. गंमत म्हणजे, हाच दोष माझ्यातही आहे, आणि मी ठणठणीत!"

तीन पेट्यांत तीन औषधं होती. चौथी तुलनेसाठी, बिनऔषधाची.

"आणि जगली नेमकी हीच!" इरावतीने तापमानाच्या आलेखावर बोट ठेवलं. "रोज सकाळी नऊला इथे खळगा पडलाय. दार कुणी उघडलं?"

"मीच हो ताई," मावशी पुढे झाल्या. "त्या बिचारीला कुणी काहीच देत नव्हतं. म्हटलं, निदान अकरा वेळा रामनाम तरी... काच केवढी जाड! ऐकू जायला नको?"

"किती वेळ?"

"अर्धं मिनिट. गार वारं झोंबलं असेल तिला."

"झोंबलंच!" इरावतीने आलेख जवळ ओढला. "म्हणून तर सख्या धावल्या! आईच्या पोटात ऊब दिवसभर थोडी वरखाली होते, म्हणून मी वाचले. लेकीला मात्र मी इतकं जपलं, की केसाएवढा फरक पडू दिला नाही. तिच्या सख्यांना कुणी हाकच मारली नाही, मावशी."

तिने बारा नव्या कळ्या तशाच, रोज अर्धं मिनिट गार करून, वाढवून पाहिल्या. अकरा जगल्या.

आठव्या दिवशी सकाळी नऊला दोघी गर्भाशयापुढे उभ्या राहिल्या. इरावतीने तापमानाच्या बटणावर बोट ठेवलं.

"आता यंत्रच गार करणार. माझं काय काम?" मावशी म्हणाल्या.

"अर्धं मिनिट मोजायचंय."

"घड्याळ आहे की एवढं मोठं!"

"असू दे. तुम्ही म्हणा."

इरावतीने बटण दाबलं, मावशींनी डोळे मिटून रामनाम सुरू केलं. अकरावं नाव झालं. इरावतीने ऊब पूर्ववत केली, आणि दुसऱ्या दिवसापासून मावशींना यायला पाच मिनिटं जरी उशीर झाला, तरी ती दारात येऊन उभी राहू लागली.