तिला कुठे मराठी कळतंय!

चहाचे कप बाजूला सारून हेमांगीबाईंनी डायरी उघडली, एक दुभाषी पट्टी स्वतःच्या गळ्याला चिकटवली आणि दुसरी नवऱ्याच्या. पट्टी कसली, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. गळ्याची थरथर आणि ओठांची हालचाल टिपून ती बोलणं समोरच्याच्या भाषेत पोचवायची. घशाच्या ऑपरेशननंतर विश्रामरावांचा आवाज बसला होता, म्हणून हेमांगीबाईंनीच दोन्ही पट्ट्यांची ‘कुजबुज’ सोय चालू केली होती. नुसतं पुटपुटलं तरी शब्दन् शब्द पोचावा, यासाठी.

पाटणकर दांपत्याचा हा पहिलाच परदेश प्रवास. कराडमधले त्यांचे सगळे ओळखीचे अकरा दिवसांत नऊ देश उरकून आले होते. विश्रामरावांना तसलं काही नको होतं. वर्षभर इस्पितळाच्या भिंती पाहून झाल्यावर भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर आठ दिवस खुर्ची टाकून बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं. सिफ्नोस नावाच्या ग्रीक बेटावर सत्तरी उलटलेल्या एव्हान्थियाबाई घरातली समुद्राकडची एकच खोली पाहुण्यांना देत. पण आधी तीनदा व्हिडिओ कॉलवर बोलून, माणसं मनाला पटली तरच.

पहिल्या खेपेला त्यांनी खोली दाखवली. हेमांगीबाई पडद्याकडे पाहून म्हणाल्या, “फारच सुंदर!” आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून नवऱ्याला म्हणाल्या, “भिंतीला पोपडे आलेत, बघितलंत?”

“अगं, हळू.”

“तिला कुठे मराठी कळतंय!”

ही त्यांची जुनी खोड. म्हैसूरच्या साडीच्या दुकानात, काश्मीरच्या घोडेवाल्यासमोर, कुठेही उचलली जीभ लावली टाळ्याला. आजवर कधी पकडल्या गेल्या नव्हत्या, त्यामुळे सवय सुखाने नांदत होती.

दुसऱ्या खेपेला एव्हान्थियाबाईंनी जेवणाचं सांगितलं. शनिवारी संध्याकाळी मातीच्या भांड्यात काबुली हरभरे घालायचे, गावच्या भट्टीत रात्रभर ठेवायचे आणि रविवारी सगळ्यांनी मिळून खायचे. “वा, नक्की खाऊ!” हेमांगीबाई म्हणाल्या. मग मान जराशी वळवून, “आणि नंतर पोट धरून बसू. शिवाय परवाचाच काळा झगा आहे अंगात. धुते तरी का बाई?”

पडद्यावर एव्हान्थियाबाईंनी झग्याची बाही नीट केली आणि मग त्या बोटीच्या वेळा सांगू लागल्या.

आज तिसरी खेप. पडदा उजळला तेव्हा मागची भिंत दुधासारखी पांढरी झाली होती. एव्हान्थियाबाईंच्या मनगटाला चुना लागलेला होता, आणि अंगात निळा झगा होता. तो खांद्यांवर सैल होत होता आणि त्या सारख्या बाह्या ओढत होत्या.

“निळा रंग खुलतो हो तुम्हाला,” हेमांगीबाई मनापासून म्हणाल्या.

“हा माझ्या बहिणीचा, फोतिनीचा आहे,” पट्टी बातम्यांसारख्या शुद्ध मराठीत सांगू लागली. “माझ्याजवळ सगळे काळेच आहेत. सात आहेत. रोज धुतलेला घालते. सहा वर्षांपूर्वी माझा मुलगा समुद्रात गेला, तेव्हापासून मी दुसरा रंग घातला नव्हता. पण पाहुण्यांना किळस वाटू नये.”

विश्रामरावांचा हात गळ्याकडे गेला. त्यांनी पट्टी चाचपली आणि बायकोकडे पाहिलं.

हेमांगीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत मूल्यशिक्षणाचा तास घेतला होता, दुसऱ्याच्या मनाचा विचार करा म्हणून मुलींच्या वह्या भरवून घेतल्या होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आणि एका आईने त्यांच्या शेऱ्यांपायी मुलाचं सुतक अंगावरून उतरवलं होतं, शिडीवर चढून भिंत रंगवली होती. आपली लाज वाटणं म्हणजे काय, हे त्यांना साठाव्या वर्षी नीट कळलं.

“मी चुकले,” त्या कशाबशा म्हणाल्या. “मला वाटलं...”

“मला कळणार नाही, असं वाटलं.” एव्हान्थियाबाईंच्या स्वरात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. “भिंतीला पोपडे होतेच.”

“तुम्ही तुमचे काळे कपडेच घाला, बाई. आम्ही येत नाही. कुठल्या तोंडाने येऊ?”

विश्रामरावांनी फक्त खाली पाहिलं, आणि त्यांचा उतरलेला चेहरा हेमांगीबाईंना दिसला.

“या,” एव्हान्थियाबाई म्हणाल्या. “त्यांना समुद्र पाहायचा आहे ना? पण आधी एक सांगते. माझ्या बाजूची कुजबुज मी बंद ठेवली होती. फोतिनी आणि मी दोघी इथे बसून तुमच्याबद्दल काय काय बोललो, ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही. ते सगळं यंत्रात साठलेलं आहे, आणि ते गोड नाही. एका छपराखाली राहायचं तर तुमचं मी ऐकलं आणि माझं तुम्ही नाही, हे मला बरं वाटत नाही. ऐकवू?”

पलीकडून काळ्या झग्यातली दुसरी एक म्हातारी, बहुधा फोतिनीच, पुढे वाकली आणि टक लावून पाहू लागली. हेमांगीबाईंनी सवयीने मान वळवली, ओठ उघडले आणि तशाच थांबल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात असा पेच आला नव्हता. हो म्हणावं की नको, हे आता नवऱ्याला विचारायचं तरी कुठल्या भाषेत?