आवजो

माझे सासरे भास्करराव रिफायनरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी आमच्या घराचाच प्लांट करून टाकला. गोत्रीच्या फ्लॅटमधून कोण बाहेर पडलं, याची ते एक्सेलमध्ये शीट ठेवत. नाव, निरोप, आता कुठे आणि शेवटी स्थिती. निरोपात ‘येतो’ किंवा गुजरातीतलं ‘आवजो’, म्हणजे ‘या पुन्हा’, असलं की स्थितीतला फॉर्म्युला ‘परत येणार’ दाखवायचा. न सांगता गेलं की ओळ लाल. माझं नाव ते ‘प्राचि’ लिहीत. कितीदा सांगितलं, पण ऱ्हस्व तो ऱ्हस्वच. मला या माणसाचा वीट आला होता.

त्यांच्या आजारपणात शीट नव्या लॅपटॉपवर नेली, तेव्हा सगळे फॉर्म्युले नुसता मजकूर होऊन बसले. कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

तिरडी उचलताना माझ्या तोंडून ‘आवजो’ निघून गेलं. अकोट्याच्या ऑफिसात दिवसभर गुजरातीच कानावर, संध्याकाळी उठताना सगळ्यांना हेच म्हणायची सवय. नणंदेने डोळे वटारले. माझ्या नवऱ्याने, शुभंकरने, घरी आल्यावर बाबांच्या ओळीत तोच शब्द भरला.

त्यानंतर मी कुणाला न सांगता घराबाहेर पडू लागले. इतकं मोकळं मला माहेरीही वाटलं नव्हतं.

“ऑफिसात तू एक्सेलचंच काम करतेस ना?” एका रविवारी शुभंकर म्हणाला. “बाबांची शीट चालू करून दे. तेवढीच आठवण.”

मी रकान्याचा टेक्स्ट फॉरमॅट काढला. मग बरोबरचं चिन्ह शोधून त्याच्या जागी बरोबरचंच चिन्ह घातलं. दिसायला काहीच बदलत नाही, पण एक्सेल प्रत्येक सेल नव्याने वाचतं आणि मजकूर कामाला लागतो. जाता जाता माझं नाव दीर्घ केलं.

बाबांच्या ओळीत ‘परत येणार’ उमटलं.

“पुसून टाक ते,” मी म्हणाले.

“राहू दे ना. कुणाचं काय जातंय?”

माझं जात होतं. ते त्याला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या ‘आता कुठे’मध्ये ‘कारेलीबाग’ आलं. स्मशान तिथेच आहे. शुभंकरचा चाळा समजून मी ते पुसलं. मग आलं ‘अकोटा’. घरी येताना बाबा मुद्दाम वाट वाकडी करून तिथल्या बागेत बसायचे.

“तू लिहितोस का हे?”

“मला वाटलं, तू,” शुभंकर म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

मग ‘गोत्री’.

मी ‘आवजो’ पुसून ‘गेले’ लिहिलं. स्थिती हलली नाही. शेवटी प्रत्येक फॉर्म्युल्याच्या आधी टिंब मारून मी तो पुन्हा मजकूर केला. सगळे झाले. बाबांच्या सेलमध्ये मात्र फॉर्म्युला नव्हताच. तिथे ‘घरी’ लिहिलेलं होतं.

मी लॅपटॉप मिटला.

सकाळी शुभंकर भरूचला कामावर गेला. मी रिकाम्या घराला कुलूप लावलं. लॅपटॉप आतच होता. ऑफिसात पोचल्यावर मोबाईलवर ऑनलाइन शीट उघडली.

माझी ओळ लाल झाली होती.

‘प्राचि. निघताना काही बोलली नाही.’