कुंभकर्ण पडत नाही

मी केस विंचरत होते, तेवढ्यात खिडकीबाहेरून एक माणूस म्हणाला, "गुड मॉर्निंग."

आता यात काय एवढं, असं वाटेल तुम्हाला. पण आमचं घर उंच खांबांवर. खाली चूल, झोपाळा, कोंबड्या, वर आम्ही. माझ्या खिडकीपर्यंत चढायचं तर मांजरसुद्धा दोनदा विचार करायची. आणि हा बाबा बाहेर असा निवांत उभा, जसा काही रस्त्यानं जाता जाता डोकावला.

मी कंगवा उगारला. "कशावर उभा आहेस रे?"

"भरवशावर."

"कसल्या भरवशावर?"

"तू खिडकी लावून घेणार नाहीस... या भरवशावर."

मी वाकून खाली बघितलं. पट्ट्यापट्ट्यांची विजार खाली गेली, आणखी खाली गेली, जातच राहिली... आणि शेवटी चिखलात दोन लाकडी टोकं. मोको जंबी! पायांना उंच काठ्या बांधून चालणारा!

आमच्या त्रिनिदादमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पहिला मोको जंबी आफ्रिकेहून इथं चालत आला. समुद्रातून. बोटबीट काही नाही. पाणी गुडघ्याला लागलं म्हणून विजार जरा वर खोचली, एवढंच. वाटेत एक देवमासा त्याच्या पायाला अंग घासून गेला, आपल्या दारची गाय खांबाला घासते ना, तसा. मी हे सांगितलं की नातवंडं हसतात. हसू देत. त्यांनी कुठं समुद्र चालून पाहिलाय?

"वरच्या खिडकीतल्यांनी मोको जंबीला काहीतरी द्यायचं असतं," तो म्हणाला. "नाहीतर वर्षभर घरात कटकट होते."

"कार्निव्हल संपला की."

"भूक कुठं संपलीय?"

डब्यात कुर्मा होता, म्हणजे पाकातली शंकरपाळी, आदल्याच दिवशी तळलेली. मी मूठभर दिला. त्यानं एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि इतका वेळ मिटूनच राहिला की मला वाटलं, हा आता झोपेत पडतोय.

"मी सिप्रियन. टेकडीपलीकडचा."

"मी..."

"कौसिल. खालून तुझी फुवा मघापासून तेच ओरडतेय."

ओरडतच होती. फुवा म्हणजे माझ्या पाची, बापाची, बहीण. मा लवकर गेली, फुवानंच मला वाढवलं, आणि वाढवताना आवाज कधी खाली आणला नाही.

मग दर शनिवारी सकाळी माझे केस विंचरायचे राहायला लागले. तो यायचा, कोपर खिडकीच्या चौकटीवर टेकायचा, आणि वरून काय काय दिसतं ते सांगायचा. उसाला तुरे आलेत. समुद्रावर पाऊस पडतोय, अजून तासाभरानं आपल्याकडे येईल. चिनी दुकानदारीण नवऱ्याला न सांगता छपरावर बसून सिगारेट ओढतेय...

"वरून सगळं आधी दिसतं," तो म्हणायचा.

"मग माझ्याबद्दल काय दिसतं?"

"तुझ्याबद्दल मी समोरून बघतो ना... वरून कशाला?"

असा होता मेला.

आमचं ला रोझेत गाव तसं गमतीचं. दिवाळीला पणत्या ठेवायच्या कमानींसाठी बांबू वाकवायला टेकडीपलीकडची पोरं यायची. नाताळात तीच आमच्या दारी स्पॅनिश गाणी म्हणायची. पाला एक अक्षर कळायचं नाही, पण डोलायचा सगळ्यांत जास्त. ईदच्या शेवया होसेन शिंप्याकडच्या. सण कुणाचा, हे आम्ही जेवून उठल्यावर विचारायचो. पण लग्न म्हटलं की... तिथं मात्र ज्याची त्याची गल्ली.

आणि फुवानं माझ्यासाठी पिनाल गावचं स्थळ काढलं. दसरा झाला की बघायला येणार. मुलाकडे स्वतःचा ट्रॅक्टर होता. फुवा मुलाबद्दल कमी आणि ट्रॅक्टरबद्दल जास्त बोलायची.

"काय रे," मी शनिवारी विचारलं, "पिनालच्या बाजूला काही दिसतंय का?"

त्यानं हात कपाळावर धरून लांब बघितलं. "धूळ."

"ट्रॅक्टर आहे तो. मला न्यायला येतोय."

त्याचं हसू गळून पडलं.

"सिप्रियन, खाली उतर. दारातून चालत ये आणि पाबरोबर बोल. तो खाऊन नाही टाकणार तुला."

"बोलेन ना... पुढच्या शनिवारी."

पुढच्या शनिवारी आला तो परत लाकडांवर. त्याच्या पुढच्याही. गाठी घट्ट बसल्यात, म्हणाला. पाऊस आहे, म्हणाला. मी खिडकीत गाल फुगवून बसले. उतरत का नाही हे मला चांगलं माहीत होतं, त्याचाच तर राग होता.

झालं होतं असं. एका रविवारी मी बाजारात गेले, तर भोपळ्यांच्या ढिगाजवळ त्याचा आवाज ऐकू आला. सवयीनं मी वर बघितलं. वर आभाळ. मग समोर बघितलं. समोर त्याची तांती, म्हणजे मावशी, ऐसपैस बसलेली. मग खाली बघितलं, तर ढिगामागे एक टोपी हलत होती. टोपीखाली सिप्रियन!

माझ्या कानाएवढा. बरं बाई, खांद्याएवढा. मी वाढवून सांगते असं सगळे म्हणतात. हे एक मी वाढवूनच सांगितलंय.

मासेवालीच्या आडोशाला जाऊन मी पोट धरधरून हसले. मग डोळे पुसून परत बघितलं. तो एकेक भोपळा बाहीनं पुसत होता, हळुवार, झोपलेल्या बाळाचं तोंड पुसावं तसा. आणि माझं हसू कुठं गेलं कोण जाणे. खुळा! याला वाटतंय, मी लाकडांवर भाळलेय.

पण मी सांगितलं नाही त्याला. पुरुषाला आपण खाली ओढलं ना, की जन्मभर म्हणत बसतो, हिनं मला पाडलं. उतरायचं त्याचं त्यानं. फक्त... जिना कुठं लावायचा, ते आपल्या हातात असतं.

शाळेच्या मैदानावर दरवर्षी रामलीला व्हायची. पा मंडळाचा प्रमुख आणि रावणही तोच. पात्रांनी बोलायचं नाही; पंडितजी लाउडस्पीकरवर कथा वाचणार, पात्रांनी हातवारे करायचे. त्या वर्षी आमचा नेहमीचा कुंभकर्ण, बस चालवणारा जाडा भोला, पाठ धरल्यामुळे आडवा झाला होता. दिवसा झोपायची एवढी सवय, पण ऐन वेळी कामाला आली नाही.

मी पाच्या ताटात वरण वाढता वाढता म्हटलं, "टेकडीपलीकडे एक लांबडा आहे म्हणे."

"क्रिओल पोरगा? हिंदूंच्या लीलेत कुंभकर्ण?"

"मग कुंभकर्ण काय पिनालचा होता?"

पाला ठसका लागला. पण गेला बघायला. त्यानं मान वर करून विचारलं, सिप्रियननं मान खाली करून हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून त्याचं मासमच्छी, रम सगळं बंद. रामलीलेचा नेमच तो. तांती फुवाकडे येऊन रडली, "पोर नुसतं भोपळ्यावर जगतंय गं!"

सगळं ठरलं. अडलं एकाच जागी.

"बाण लागला की पडायचं," पा म्हणाला.

"मोको जंबी पडत नाही, मिस्टर सुकदेव. अपशकुन असतो."

"अरे, पण मरायचंय ना तुला?"

"उभ्या उभ्या मरीन. मान टाकतो की नाही बघा."

"झाडं मरतात उभ्यानं! राक्षस पडतो!"

शनिवारी मी हळूच विचारलं, "तुम्हाला शिकवतात तेव्हा आधी पडायलाच शिकवतात ना?"

"हो."

"मग भीती कसली?"

 तो बोट चौकटीवरून फिरवत राहिला. "पडायची नाही गं, डूडू..." पहिल्यांदाच त्यानं मला लाडाचं काही म्हटलं. "पडल्यावर गाठी सोडून उठावं लागतं... त्याची."

सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं. मी कंगवाच दातांत धरला.

कुंभकर्णवधाचा दिवस उजाडला. दुपारी सर येऊन गेलेली, गवत ओलं, ताशेवाले जाळावर ताशे शेकत बसलेले. आणि बघते तर काय, पिनालची मंडळी आजच हजर! लीला बघू आणि मुलगीही बघू. मुलाची आई पुढच्याच बाकावर, फुवा तिला वारा घालतेय.

कुंभकर्ण जागा झाला तेव्हा पोरं आयांच्या ओढणीत शिरली. शाळेतली सगळी माकडं त्याच्या लाकडी नडग्यांना लोंबकळली. त्यानं ती पेरू झटकावेत तशी झटकली. मग रामानं... तो मास्तरांचा चष्मेवाला मुलगा... नेम धरून बाण सोडला. छातीवर टप्पकन बसला.

पंडितजी गरजले, "आणि तो महाकाय कुंभकर्ण भूमीवर कोसळला!"

कुंभकर्णानं मान टाकली. कोसळला नाही.

पंडितजींनी ओळ परत वाचली. रामानं परत बाण मारला. मग परत. रामाचे बाण संपले, त्यानं लक्ष्मणाकडून मागून घेतले. मागून कोणीतरी ओरडलं, "रामा, कुऱ्हाड आण!" पंडितजी माइकपासून तोंड बाजूला न घेताच म्हणाले, "अरे, पड की रे बाबा!" तेही लाउडस्पीकरवरून गावभर गेलं. दहा तोंडांच्या मुकुटाखाली पाचं अकरावं तोंड वांग्यासारखं झालं.

आणि सिप्रियन माझ्याकडे बघत होता. इतक्या वरून... इतका केविलवाणा.

मला तेव्हा लख्ख कळलं. हा आज उभा राहिला, तर कायमचा वरच राहणार. आणि मी ट्रॅक्टरवर बसून जाणार.

चपला काढल्या. दोरीखालून वाकून मैदानात शिरले. फुवा किंचाळली, किंचाळू दे.

"सिप्रियन!" मी वर तोंड करून ओरडले. "मी तुला बाजारात पाहिलंय. जमिनीवर!"

ताशे थांबले. 

"...कधी?" मेलेल्या कुंभकर्णानं विचारलं.

"दोन महिने झाले."

"आणि तरी... खिडकी उघडी ठेवलीस?"

"मग काय, वारा यावा म्हणून ठेवत होते?"

त्यानं डोळे मिटले. दोन्ही हात पसरले. आणि पडला.

असं पडणं परत कोणी बघितलं नाही. आधी सावली पडली, मग टोपी, मग तो. मधल्या वेळात पंडितजींचा चहा पिऊन झाला. तो भुईला टेकला तेव्हा व्हेनेझुएलात कपबश्या वाजल्या. तिकडच्या माणसानं मला स्वतः सांगितलंय. गवतातलं पाणी उसळून रामाच्या चष्म्यावर उडालं, आणि ताशे असे कडाडले की बस्स.

मी त्याच्या पायाशी बसून गाठी सोडायला लागले. 

"रावण भावाच्या देहावर पडून विलाप करू लागला," पंडितजींनी वाचलं. पा आला. धाडकन त्याच्या छातीवर डोकं टेकलं, खांदे गदगदा हलवले, आणि मुकुटाच्या आडून पुटपुटला, "माझ्या पोरीशी काय आहे तुझं?"

"मी मेलोय, मिस्टर सुकदेव," प्रेत ओठ न हलवता म्हणालं.

"आणखी एकदा मरशील. बोल."

"लग्न करायचंय."

"मग घरी येऊन विचारलं का नाहीस?"

"...बुटका आहे मी."

पानं मुकुट जरासा उचलून बघितलं. सिप्रियनचे खरे पाय कुठं संपतात आणि लाकूड कुठं सुरू होतं, ते माझ्या हातातच दिसत होतं.

"मुकुट काढल्यावर मी केवढा उरतो, बघितलंयस कधी?" पा म्हणाला. मग जरा थांबून, "तू चर्चला जातोस."

"जातो. आणि महिनाभर तुमच्या देवासाठी मासा सोडला. दोन्ही जमतं मला."

"पा," मी म्हटलं, "मी पिनालला जाणार नाही."

"तू गप्प बस. तू कथेत नाहीस."

वर पंडितजी सांगत होते, रावणाला शोक आवरेना. खरंच आवरत नव्हता. पाचा श्वास अडकत होता, आणि सिप्रियनच्या रंगवलेल्या छातीवर ओले ठिपके पडत होते. बायका म्हणाल्या, असा रावण जन्मात बघितला नाही. पिनालची बाईसुद्धा डोळे पुसत होती. मुलगी हातची गेली हे तिला अजून कळायचं होतं.

"बरं," पा शेवटी नाक ओढत म्हणाला. "आज भाऊ म्हणून रडू दे मला. जावई म्हणून काय रडायचं ते उद्या, घरी."

शेवटची गाठ सुटली. प्रेत उचलायला राक्षस धावले, पण सिप्रियननं हात हलवून त्यांना थांबवलं. स्वतःच उठला. माझ्या शेजारी उभा राहिला, ओला, चिखलानं माखलेला, माझ्या खांद्याएवढा.

"आईशप्पथ! मेल्यावर अर्धा झाला की!" कोणीतरी ओरडलं.

सगळं मैदान हसलं. मी भीतभीत त्याच्याकडे बघितलं... तर तो सगळ्यांत मोठ्यानं हसत होता.

मग मी लाकडं खांद्यावर घेतली आणि आम्ही दोरीकडे निघालो, माणसांच्या मधून, सगळ्यांच्या देखत. मला आपली घाई आणि लाज. आणि माझ्या दंडाजवळून त्याचा आवाज आला, "जरा हळू चाल ना, डूडू... माझे पाय लहान आहेत."

मी हळू चालायला लागले.