एकतीस नावांची हजेरी

बाईंनी तेहेतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली होती. त्यामुळे निवृत्तीनंतर, स्मृतिदिनाला युद्धात गेलेल्यांची नावं वाचायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. नावं एकतीस. त्यातलं चौदावं त्यांच्या सख्ख्या दादाचं.

दादाचा देह मिळालाच नव्हता. ‘बेपत्ता’ एवढाच शेरा. सात वर्षांनी कचेरीतून कागद आला. घरच्या कुणी सही केली, तर नाव स्मारकाच्या शिळेवर चढणार होतं. ‘ते आहेत कुठं तरी,’ म्हणत वहिनीनं पेन हातात घ्यायला साफ नकार दिला. सही बाईंनी केली. त्यावरून नणंद-भावजयीत कधी भांडण झालं नाही, हेच वाईट झालं. दोघी एकाच घरात म्हाताऱ्या झाल्या, पण त्या कागदाबद्दल चकार शब्द निघाला नाही.

एका वर्षी स्मृतिदिनाच्या समितीनं सीमेपलीकडचा एक वयस्कर माजी सैनिक पाहुणा म्हणून बोलावला होता. एकेकाळी समोरच्या बाजूनं लढलेला. चहा घेता घेता तो म्हणाला, “तुम्ही दोन मिनिटं गप्प उभे राहता. एका देशात रोज संध्याकाळी बिगूल वाजवतात, मी पाहिलंय, पाऊस असो की वादळ. आमच्याकडे नाव पुकारतात आणि जमलेले लोक त्याच्या वतीनं ‘हजर’ म्हणतात.”

बाईंना ते फार आवडलं. “नावानंतर थांबायचं किती?”

“उत्तर येईपर्यंत,” तो म्हणाला.

तालीम दुपारी तीनला ठेवली. सभागृहात रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, नव्या रंगाचा वास, उंच खिडक्यांतून आलेलं ऊन. माइकवाला मागं कोपऱ्यात वायरींच्या गुंत्यात बसला होता. बाईंनी चष्मा पुसला, पहिलं नाव पुकारलं आणि मनात तीन आकडे मोजले.

पाचव्या नावापर्यंत काही नव्हतं. सहाव्याला वाटलं, मागं खुर्ची कुरकुरली. नवव्याला कुणी तरी घसा साफ केला. दहाव्या नावाला स्पष्ट, घाईत, वर्गातल्या शेवटच्या बाकावरून यावं तसं आलं, “हजर.”

“बाई, माणसं आणलीत ती बरं केलंत,” माइकवाला कानावरचा हेडफोन न काढता म्हणाला. “आवाज छान येतोय. कुठं बसवलंय त्यांना?”

बाईंनी रिकाम्या रांगांवरून नजर फिरवली. आयुष्यभर पोरांच्या खोड्या पचवलेली बाई ती, घाबरून कागद टाकून देणाऱ्यातली नव्हती. त्यांनी अकरावं नाव घेतलं. हजर. बारावं. हजर. तेरावं. सगळे आवाज वेगवेगळे, सगळे विशीच्या आसपासचे. एकाचा तर अजून नीट फुटलाही नव्हता.

मग त्यांनी दादाचं नाव घेतलं.

काही नाही.

पुन्हा घेतलं. खिडकीवर एक माशी आपटत होती, तेवढाच आवाज.

“पुढचं घ्या की,” माइकवाला म्हणाला.

पंधराव्याला लगेच उत्तर आलं.

घरी येऊन बाईंनी चपला काढायच्या आधीच सगळं सांगितलं. वहिनी भांडी पुसत होती. तिनं हातातलं ताट पुसून पुसून लख्ख केलं. म्हणाली, “मी काय वेगळं म्हणत होते, वन्सं?”

“चुकलंच माझं, वहिनी.”

“असू दे. कधी तरी म्हणालात, हेही काही कमी नाही.”

स्मृतिदिनाला सभागृह खचाखच भरलं. प्रत्येक नावाला शे-दीडशे कंठांतून ‘हजर’ उठला, छत दणाणलं. बाई तेराव्यावरून सरळ पंधराव्यावर गेल्या. अध्यक्षांनी नंतर बरंच तोंडसुख घेतलं. “ओळ निसटली,” बाई शांतपणे म्हणाल्या. पहिल्या रांगेतली वहिनी मात्र त्या दिवशी घरी जाताना कितीतरी वर्षांनी त्यांचा हात धरून चालली.

ते वर्ष दोघींचं चांगलं गेलं. दादाच्या गोष्टी निघाल्या. त्याचं शिट्टी वाजवणं, त्याचं घोरणं. “कुठं तरी दुसरा संसार थाटून बसला असेल मेला,” वहिनी म्हणायची आणि स्वतःच हसायची.

पुढच्या वर्षी तालमीच्या दिवशी ती आपणहून तयार झाली. “यंदा मी येते. मलाही ऐकू दे.”

तीच वेळ, तसंच ऊन. वहिनी पाचव्या रांगेत एकटी बसली.

यंदा पहिल्या नावापासूनच उत्तरं आली. वहिनीनं पदर घट्ट धरला होता, पण ती हलली नाही. अकरा. बारा. तेरा.

बाईंनी दादाचं नाव पुकारलं.

एक आकडा. दोन.

“हजर.”

आवाज थकलेला होता. मागच्या दाराजवळून आला. त्यामागोमाग दम्याचा लांबलचक खोकला.

बाईंनी मनात दादाचं आजचं वय मोजलं.

वहिनी वळून रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत होती. मग ती पुढं वळली. तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू होतं.

“हे नव्हेत हं, वन्सं,” ती म्हणाली. “हा कुणी तरी म्हातारा आहे.”

बाईंनी मान डोलावली आणि पंधरावं नाव वाचलं.